चारशेपाच बाई

बाई समोरच्या माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्या पोटाची चौकशी करत. खामगावच्या त्या लॅबची खिडकी सकाळी सातला उघडली की आतून पहिला प्रश्न यायचा, "पोटात काय गेलं?" या नाही, बसा नाही. "काही नाही" असं उत्तर दिलं तरी सुटका नसे. "चहा?" "नाही." "अर्धा कप?" "नाही हो मॅडम." "कोरा?" इथे बहुतेक जण गळपटायचे. आपल्याकडे चहाला कुणी खाण्यात धरत नाही आणि सकाळचा असला तर पिण्यातही धरत नाही. पहाटे उठून दोन कप चहा ढोसलेला माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, मी उपाशी आहे. अशा कित्येक उपाशांना बाईंनी दंडाला रबर न बांधताच घरी पाठवलं. एकदा तालुक्यातले एक पुढारी आले होते. बाईंनी परत फिरवल्यावर ते लालबुंद झाले, "मले ओळखलं नाही काय?" बाई म्हणाल्या, "तुम्हाले ओळखलं भाऊ. पण तुमच्या रक्ताले कुठं माहीत आहे तुम्ही कोण ते? उद्या येजा." आणि पुढारी दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मुकाट्याने रांगेत उभे होते. हे मी स्वतः पाहिलंय.

तोंडावर लोक त्यांना मॅडम म्हणत. पाठीमागे त्यांचं नाव होतं चारशेपाच. कारण उपाशीपोटीची साखर आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन असे दोन्ही आकडे कुणाच्या रिपोर्टात आले की बाई पाकिटाच्या मागच्या बाजूला त्यांचा गुणाकार मांडायच्या आणि आलेल्या उत्तराला चारशे पाचने भागायच्या. हातचे वर लिहून, खाली रेघ मारून, चौथीतल्या पोरीसारखं. पर्समध्ये मोबाइल असायचा, पण हिशेबाला त्यांनी तो कधी बाहेर काढला नाही. "मशीन मोजते," त्या म्हणायच्या, "समजून घ्यायचं काम मशीनचं नाही." उत्तराभोवती गोल काढून त्या पाकीट पुढे सरकवायच्या आणि सांगायच्या, "हा अंदाज होय, निदान नाही. डॉक्टरले दाखवा. पण पाकीट उलटं करून दाखवा."

हेच चारशे पाच कुठून आलं, असं मी एकदा विचारलं होतं. मला वाटलं होतं, त्यांना ठाऊक नसेल. त्यांनी लगेच मांडून दाखवलं. मूळ सूत्रात भागायचं ते साडेबावीसने. पण तिकडे परदेशात साखर वेगळ्या मापाने मोजतात, त्यांचं एक म्हणजे आपले अठरा. म्हणून साडेबावीस गुणिले अठरा. "मण अन् किलोसारखंच आहे वं," त्या म्हणाल्या. "माप बदललं की भागाकार बदलते. माल तोच."

माझी आणि त्यांची खरी गाठ पडली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि बाबांच्या खुर्चीवर बसत होते. बाबा पंचायत समितीत लिपिक होते. साखरेने आधी त्यांचं बोट गेलं, मग पाऊल, मग ते स्वतः गेले. अनुकंपा तत्त्वावर नोकरी मला मिळाली. टेबल तेच, खिडकी तीच. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की बाबांची खुर्ची मिळाली तसा त्यांचा आजारही मला मिळणार. फक्त कधी, एवढंच ठरायचं होतं. माझं पोट सुटलं होतं, पाळीचा पत्ता नसायचा आणि मानेवर काळी पट्टी धरली होती. ती पट्टी आई बेसन, हळद, लिंबू लावून घासायची. मान सोलून निघायची, काळेपणा जात नसे. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, जेवताना माझ्या ताटाकडे बघून म्हणायचे, "बापावर गेली पोट्टी. तोंडाले आवर नाही." हे ऐकलं की मी घास तोंडात तसाच धरून बसायचे. घरातलं कुणी त्यांना काही बोलत नसे, मीही नाही.

बाबा गेल्यापासून मी दरवर्षी साखर तपासायचे. त्या वर्षीही उपाशीपोटी ब्याण्णव आली. नॉर्मल. मी खुशीत पाकीट घेऊन निघाले, तर खिडकीतून हाक आली. "मानीले काय लावून राह्यली?"

मी शरमेने ओढणी वर घेतली. म्हटलं, "बेसन. मळ जात नाही."

"मळ असन त जाईन ना. थो मळ नाही. डॉक्टरले विचार, उपाशीपोटीचं इन्सुलिन लिहून देतात काय ते."

डॉक्टरांनी मान पाहिली, पाळीचं विचारलं आणि लिहून दिलं. इन्सुलिन आलं चोवीस. बाईंनी पाकीट उलटं केलं. ब्याण्णव गुणिले चोवीस, दोन हजार दोनशे आठ. भागिले चारशे पाच. पाच पूर्णांक पंचेचाळीस शतांश. मला त्यातलं काही कळेना. मी म्हटलं, "पण साखर तर नॉर्मल आहे ना?"

तेव्हा बाईंनी मला जे सांगितलं ते मी पुढे कितीतरी बायकांना त्यांच्याच शब्दांत सांगितलंय. "पाहा, एक वावर आहे. कापूस वेचायले पह्यले दोन बाया लागत होत्या. आता त्याच वावराले सहा लागून राह्यल्या. पण संध्याकाळी वावर साफ दिसते ना? धुऱ्यावर उभा राहून पाहणारा म्हणते, सगळं ठीक आहे. बाया किती लागल्या, हे तो मोजतच नाही. तुझी साखर म्हणजे ते साफ वावर. अन् साखर आवरणारं इन्सुलिन, हे चोवीस, म्हणजे त्या बाया. एक दिवस त्या थकतीन, अन् मंग वावरात कापूस उभाच्या उभा दिसन. तुझ्या बाबाचं असंच झालं असन."

"मग किती पाहिजे?"

"दोनच्या आसपास असलं त बरं. अडीचच्या वर गेलं की डोळे उघडायचे. पक्की रेघ कोणी मारली नाही. पण साडेपाच कोणत्याच रेघेच्या अलीकडं येत नाही."

मी घाबरायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इतकी वर्षं मी खादाड होते, आळशी होते, बापावर गेलेली होते. आणि ही परकी बाई पाकिटावर लिहून सांगत होती की तुझ्या अंगात काहीतरी चाललंय, त्याला आकडा आहे, आणि आकडा खाली आणता येतो. मी ते पाकीट घरी नेऊन आईपुढे ठेवलं. तिथेच माझी चूक झाली.

आमच्या घरात लग्नाच्या मुलीचा पाय मोडला तर चालतो. तो बरा होतो. पण मुलीच्या नावापुढे कुणी आजाराचा आकडा लिहिला तर तो गावभर होतो, अशी समजूत. आईने पाकीट मोठेबाबांना दाखवलं. दुसऱ्याच दिवशी मोठेबाबा मला घेऊन लॅबच्या मालकांसमोर जाऊन बसले. मालक डॉक्टर होते, आठवड्यातून तीन दिवस येऊन सह्या करायचे.

"तुमच्या बाईनं आमच्या पोरीले शुगर लावून देल्ली," मोठेबाबा म्हणाले. "रिपोर्टात नॉर्मल, अन् पाकिटावर साडेपाच! लग्नाची पोरगी आहे साहेब. बदनामी आहे ही."

मालकांनी बाईंना बोलावलं. पाकिटावर लिहू नका, असं त्यांनी बाईंना याआधीही सांगितलं होतं. रिपोर्टचा अर्थ लावणं टेक्निशियनचं काम नाही, हे त्यांचं म्हणणं. त्यात थोडं तथ्यही होतं, आज मी ते मान्य करते. पण त्या दिवशी त्यांना बाईंकडून वेगळंच हवं होतं. ते म्हणाले, "आकडा चुकून लिहिला गेला, एवढं लिहून द्या. विषय संपला."

बाईंनी टेबलावरचा कोरा कागद घेतला. मला वाटलं, लिहून देतात. त्यांनी त्यावर ब्याण्णव लिहिलं, खाली चोवीस लिहिलं आणि कागद मालकांपुढे सरकवला. "तुम्हीच करा साहेब. चुकला असन त माफी लिहून देते. सही-अंगठा दोन्ही देते."

मालकांनी गणित केलं. का केलं कोण जाणे, पण केलं. पाच पूर्णांक पंचेचाळीस.

"बरोबर आहे काय?"

"प्रश्न तो नाही, बाई."

"मंग कोणता होय? पाकिटावर लिहू नको म्हणता, त उद्यापासून नाही लिहिणार. तोंडी सांगीन. पण बरोबर आलेल्याले मी चूक म्हणणार नाही. तसं लिहिलं त ही पोरगी घरी जाऊन निवांत बसन, अन् दहा वर्षांनी बापाच्या वाटेनं जाईन."

मोठेबाबा माझ्याकडे वळले. "सांग यांले, तुले काही झालं आहे काय?" तिघेही माझ्याकडे बघत होते. मला एवढंच म्हणायचं होतं, की बाई बरोबर आहेत. मी टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत बसले. आयुष्यात मी बरंच काही चुकीचं बोलले आहे, त्याचं मला फारसं वाटत नाही. त्या दिवशीच्या गप्प बसण्याची मात्र अजून लाज वाटते.

बाईंनी अॅप्रन काढला, घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. आतून आपला डबा आणि पाण्याची बाटली घेऊन आल्या. एकोणीस वर्षांची नोकरी त्या सोडून चालल्या होत्या. दारातून जाताना माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आकडा खाली आण." रागावून नाही. रक्त काढून झाल्यावर कापूस दाबून धर म्हणायच्या, त्याच आवाजात.

मग मी पेटले. मोठेबाबांवर, मालकांवर आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी आमच्या पिंपळगाव राजाहून खामगावच्या रस्त्याने चालायला निघाले. आमच्या गावात बाईमाणूस चालतं ते वावरात, विहिरीवर, देवळात नाहीतर बसस्टँडवर. नुसतंच जायचं आणि वळून परत यायचं, हा प्रकार गावाने पाहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी आईने रडकुंडीला येऊन हातात विळा दिला. "हा तरी धर वं. लोकाले वाटन वावरात चालली." मी विळा ओट्यावर ठेवला आणि मोकळ्या हातांनी गेले. कुणी विचारलं, "कुठं चालली?" तर सांगायचे, "कुठंच नाही." चावडीवरचे म्हातारे हसायचे. हसा म्हटलं. डॉक्टरांनी आहार लिहून दिला होता, तोही मी सोडला नाही. पंगतीत जिलबी वाढायला आलेल्यासमोर ताटावर हात आडवा धरला, तेव्हा मोठेबाबा ओरडले, "अन्नाचा अपमान करून राह्यली." मी म्हटलं, "मोठेबाबा, अपमान पोटात ठेवण्यापेक्षा ताटात बरा." घरात चार दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. बाबांच्या खुर्चीवर बसून मी तेव्हा डब्यातली ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, खुर्ची घेतली, आजार घेणार नाही.

बाई तोवर आपल्या गावी, वरवट बकालला निघून गेल्या होत्या. घरच्यांचा भाजीपाल्याचा मळा होता. बाहेरच्या खोलीत त्यांनी रक्त घेण्याची सोय केली होती, तिथून नमुने अकोल्याच्या लॅबला जात. अकरा महिन्यांनी मी ठरवलं, तपासणी करायची ती बाईंच्याच हातून. रात्री आठला जेवले. सकाळी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. दोन बस बदलून पोचले, तर ओसरीतच प्रश्न आला.

"पोटात काय गेलं?"

"काही नाही."

"चहा?"

"नाही. कोराही नाही," मी फुशारकीने म्हटलं.

"घरून निघताना आईनं हातावर काही ठेवलं काय?"

आणि मला एकदम आठवलं. दही-साखर! चांगल्या कामाला निघाले म्हणून आईने देवापुढे उभं करून हातावर दही-साखर दिली होती आणि मी ती चाटून, हात कपाळाला लावून निघाले होते. साखर तपासायला जाताना साखर खाऊन निघणारी माणसं जगात आमच्याकडेच असतील. "चमचाभरच होती," मी म्हटलं.

"चमचाभरानं बी इन्सुलिन उठून बसते. आज नाही."

"बाई, मी दोन बस बदलून आले."

"मंग राहून जा. उद्या घेऊ."

मी राहिले. दिवसभर त्यांच्या मळ्यात हिंडले. संध्याकाळी ओसरीत दोघी मेथी निवडत बसलो तेव्हा त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीचं सांगितलं. बहिणीची दरवर्षीची तपासणी त्याच करायच्या. शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. "मीच नॉर्मल म्हणून पाकिटात घालून देत होती. बाया वाढून राह्यल्या, हे मी कधी मोजलंच नाही. मले येत नव्हतं असं नाही. कोणी सांगितलं नव्हतं म्हणून नाही केलं." बहीण पन्नाशीही न पाहता गेली. एवढं बोलून त्यांनी पुढची जुडी सोडली.

मी धीर करून म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

मला वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे, तू लहान होतीस. बाईंनी मेथीवरची नजर काढली नाही. "हाव. बोलायले पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. खोटं त्यांनी कुणाच्या समाधानासाठीही सांगितलं नाही. मला त्यांची तेव्हा फार माया आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रक्त घेतलं. दोन दिवसांनी ऑफिसात फोन आला. साखर शहाऐंशी, इन्सुलिन दहा. "दोन पूर्णांक बारा. ठीक आहे. सोडू नको," एवढं बोलून बाईंनी फोन ठेवला. मी फाइलमध्ये तोंड घालून रडले. शेजारच्या टेबलावरच्या भाऊंना वाटलं, बदलीची ऑर्डर आली.

याला आता आठ वर्षं होत आली. माझा आकडा कधी सव्वादोन, कधी पावणेदोन असतो. पाळी ताळ्यावर आली, मानेची पट्टी फिकट झाली. लग्न अजून झालेलं नाही आणि त्याचं कारण साडेपाच नव्हे, हे मी मोठेबाबांना दोनदा ऐकवलंय.

मागच्या रविवारी सकाळी मोठेबाबा आमच्याकडे आले. बराच वेळ पिकापाण्याचं बोलले. मग खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. पायाला मुंग्या येत होत्या म्हणून डॉक्टरांनी दोन्ही तपासण्या लिहून दिल्या होत्या. "थे तुझं गणित," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "करून दे बरं."

मला ते गणित आता तोंडी येतं. मी केलं नाही. फोन काढला, वरवट बकालला लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्यापुढे धरला. "ज्यांचं गणित आहे त्यांच्याशी बोला. आणि त्या दिवशी त्या बरोबर होत्या, तेवढं आधी सांगा. मग आकडे."

"काहून पोरी," आई आतून म्हणाली, "मोठ्या माणसाले असं."

"त्या दिवशी मी गप्प बसले, आई. आज नाही बसणार."

पलीकडून बाईंचा आवाज आला, "बोला." मोठेबाबा फोनकडे वाकले. "मॅडम, मी पिंपळगाव राजाहून बोलून राह्यलो. थे लॅबमध्ये, त्या वक्ती..."

"ओळखलं."

"तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं."

मी साडेआठ वर्षं या वाक्याची वाट पाहत होते. बाईंनी ते ऐकलं न ऐकलं केलं. "कागद हातात आहे काय? साखर किती?"

"एकशे आठ."

"इन्सुलिन?"

"एकोणीस."

बाईंनी आकडे मांडायला घेतले. कागदावर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. मोठेबाबा फोनकडे असे बघत होते, जसे निकालाच्या दिवशी मास्तरांकडे बघतात. कागदाचा कोपरा ते पुन्हा पुन्हा चिमटीत दुमडत होते आणि इतकी वर्षं त्यांच्यावर रागावलेल्या मला ते बघवत नव्हतं.

"पाच पूर्णांक शून्य सात," बाई म्हणाल्या. "हा अंदाज होय भाऊ. डॉक्टरले दाखवा. अन् घाबरू नका. तुमच्या पुतणीचा याच्याहून जास्त होता. तिनं काय केलं, ते तिले विचारा." आणि नेहमीसारखा फोन ठेवला.

मोठेबाबांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. कागदाची पुन्हा घडी घातली, मग उलगडली. आई दारात येऊन उभी होती.

"काय केलं वं तू?" त्यांनी मला विचारलं.

आमच्या घरात हे मला कुणी आजवर विचारलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि अगदी पहिल्या सकाळपासून सांगायला लागले.